‘मालेगावचा छडा लागला’ हा मथळा मी दिला होता

रात्रपाळी

बरीच वर्षं मराठी दैनिकांच्या डेस्कवर रात्रपाळ्या केल्या, आता सुटलो. हे लिहिण्याचं कारण मागच्या वर्षीचा, म्हणजे २०२५ चा, जुलै महिना. तो डोक्यातून जात नाही.

आधी जुनी गोष्ट. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, त्यात शब-ए-बारात. मालेगावात बडा कब्रस्तानच्या आवारात आणि मुशावरत चौकात स्फोट झाले. तीसहून जास्त माणसं गेली, जवळपास सगळी मुसलमान. पुढच्या काही आठवड्यांत एटीएसने, म्हणजे राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, अटका केल्या आणि एकूण नऊ जण आत गेले, तेही मुसलमान. मी तेव्हा ज्या पेपरात होतो तिथे पहिल्या पानावर मोठ्या टायपात मथळा गेला : ‘मालेगावचा छडा लागला’. तो मी दिला. वार्ताहराच्या कॉपीत ‘पोलिसांचा दावा’ असे शब्द होते. मथळ्यात बसत नव्हते, काढले. पान सोडायची वेळ झाली होती.

पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, त्यातले सात जण जामिनावर सुटले. उरलेले दोघे ७/११ च्या, म्हणजे ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल स्फोटांतही आरोपी असल्यामुळे आतच राहिले. दरम्यान एनआयएने, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तपास यंत्रणेने, तपास फिरवला आणि वेगळ्याच चौघांवर आरोपपत्र ठेवलं, ते हिंदू. २५ एप्रिल २०१६ ला विशेष न्यायालयाने आधीच्या आरोपींना दोषमुक्त केलं. आरोपी नऊ असले तरी दोषमुक्त झाले आठ, कारण नववा तोवर अपघातात वारला होता. आमच्याकडे ही बातमी आतल्या पानावर दोन कॉलम गेली. लावणारा मीच.

आता गेल्या वर्षीचा जुलै. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने ७/११ च्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्यात २०१५ मध्ये फाशी झालेले पाच होते, आणि त्यांच्यातला एक २०२१ मध्ये तुरुंगातच कोविडने गेला होता. मुख्यमंत्री म्हणाले, निकाल धक्कादायक आहे. राज्य सरकार दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयात. २४ ला स्थगिती मिळाली, तीही अशी की सुटलेल्यांना परत आत टाकायचं नाही, फक्त हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. मग ३१ जुलै. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटात विशेष न्यायालयाने प्रज्ञासिंह ठाकूर, कर्नल पुरोहित धरून सातही जणांना सोडलं. तेच मुख्यमंत्री म्हणाले की दहशतवाद भगवा कधी नव्हता आणि कधी नसेल.

दहा दिवसांत दोन निकाल. दोन्हींचं सार एकच, सरकारी पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही. पण चॅनेलांवर पहिल्या निकालाला ‘मग १८९ जणांना मारलं कुणी?’ अशी पट्टी फिरत होती आणि दुसऱ्याला ‘सत्याचा विजय’. मालेगावच्या सहा जणांना मारलं कुणी, ही पट्टी मला शोधूनही सापडली नाही. उलट बाजूच्या मंडळींनी हेच आरशात करून दाखवलं : पहिल्या दिवशी न्यायव्यवस्थेवर गाढ विश्वास, दहाव्या दिवशी अविश्वास.

कोण दोषी यावर मला भांडायचं नाही. मथळ्यातला शब्द कशावरून ठरतो, तेवढंच बोलू.

स्पष्टवक्ता

धागा नेहमीच्या वळणाचा. सुरुवात समतोल, रोख एकीकडे. ‘भगवा दहशतवाद’ हा शब्द आला कुठून तेही लिहा की राव. ऑगस्ट २०१० मध्ये चिदंबरम गृहमंत्री असताना पोलीस अधिकाऱ्यांच्या परिषदेत बोलले. जानेवारी २०१३ मध्ये आपले सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे जयपुरात त्याच वळणावर गेले, आणि अधिवेशन अडणार असं दिसल्यावर महिन्याभरात दिलगिरी. खटला उभा राहायच्या आत गृहमंत्रीच रंग ठरवून मोकळे. हा राजकीय प्रतिसाद नाही का?

आणि अंतुले विसरलात? डिसेंबर २००८, एटीएस प्रमुख करकरे २६/११ ला जाऊन महिना झाला नव्हता, तेव्हा केंद्रीय मंत्रिपदावर बसून त्यांच्या मृत्यूबद्दल शंका काढली. दोन वर्षांनी दिग्विजय सिंह २६/११ मागे संघ असल्याचं सुचवणाऱ्या पुस्तकाच्या प्रकाशनाला हजर. कसाब जिवंत पकडलेला असताना!

अमरावतीचं घ्या. जून २०२२ मध्ये एका औषध विक्रेत्याचा गळा चिरून खून झाला, प्रेषितांबद्दल बोललेल्या नूपुर शर्मांच्या समर्थनाची पोस्ट पुढे पाठवली म्हणून. आठवडाभर तो लुटीचा प्रकार म्हणून चालला होता. उदयपुरात त्याच कारणावरून शिंप्याचा खून झाला, देश हादरला, मग एनआयए आली आणि मग मराठी चॅनेलांना अमरावती सापडली. तेव्हा तुमचा डेस्क काय करत होता?

बिनडोक्याचा घोडा

जागा पकडली. या धाग्याला शंभर प्रतिसाद नक्की.

रात्रपाळी

@स्पष्टवक्ता, तेव्हा मी डेस्कवरच होतो. आम्ही ती बातमी लुटीचीच लावली, कारण पोलिसांनी तसंच सांगितलं होतं. तुमचं उदाहरण माझ्या विरोधात नाही, माझ्याच बाजूचं आहे. २००६ ला पोलीस म्हणाले छडा लागला, आम्ही छापलं. २०२२ ला म्हणाले लूट, आम्ही छापलं. गुन्ह्याच्या बातमीला मराठी पेपरात सहसा एकच उगम असतो, तो म्हणजे संध्याकाळचं ब्रीफिंग. ‘सूत्रांकडून समजते’ असं वाचाल तेव्हा ते सूत्र खाकीत असतं हे धरून चाला.

मोसमकाठ

मी मालेगावचा. आमच्या गावाच्या मधून मोसम नदी जाते. अलीकडे कोण राहतं नि पलीकडे कोण, ते सांगायची गरज नाही. मी कुठल्या बाजूचा तेही सांगत नाही, बघू तुम्हाला प्रतिसादावरून कळतं का.

२००८ चा स्फोट भिक्खू चौकात झाला, रमजान चालू होता, रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. दोन्हीकडच्या बायका बाजारात. बाहेरच्यांना हे माहीत नसतं, कारण चॅनेलच्या गाड्या आल्या की दोनच ठिकाणी कॅमेरा लावतात, मशिदीचा मिनार नाहीतर पोलिसांची व्हॅन. यंत्रमागाचा आवाज कुणी दाखवत नाही. स्फोटानंतर माग बंद राहिले आणि आठवड्याचा पगार बुडाला, ही आमच्याकडे खरी बातमी होती.

एक सांगतो. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा खोली बघताना मालकीणबाईंनी गाव विचारलं. ‘मालेगाव’ म्हटल्यावर काकू थोडं थांबल्या, मग विचारलं, ‘बारामतीचं का नाशिकचं?’ मी नाशिकचं म्हटलं. खोली दुसऱ्या कुणाला दिली होती म्हणे. वर्गातल्या दुसऱ्या मुलानेही हेच ऐकलं, आणि तो नि मी नदीच्या वेगवेगळ्या बाजूचे. गावाचं नावच आरोपपत्रात गेलं की पुढे धर्म विचारायची गरज राहत नाही.

आणि ३१ जुलैला पेढे वाटले गेले तसे २०१६ लाही आमच्याकडे वाटले गेले होते. दोन्ही वेळा ज्यांची माणसं गेली त्यांच्या दारात कुणी पेढे घेऊन गेलं नाही.

बाररूम

काही शब्दांचा घोळ होतोय म्हणून लिहिते. वकिली करते, पण या खटल्यांशी संबंध नाही.

‘दोषमुक्त’ म्हणजे डिस्चार्ज. खटला चालवण्याइतकंही साहित्य नाही म्हणून साक्षी सुरू होण्याआधीच सोडणं. मालेगाव २००६ मध्ये ते झालं. ‘निर्दोष मुक्तता’ म्हणजे पूर्ण खटला चालून सुटणं. ७/११ आणि मालेगाव २००८ मध्ये हे झालं. पेपरांत मात्र आवडता आरोपी असला की ‘निर्दोष’, नावडता असला की ‘पुराव्याअभावी सुटका’ किंवा ‘संशयाचा फायदा’. कायद्याच्या लेखी अंतिम आदेश सारखाच. @रात्रपाळी, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दोन शब्दांत आहे.

एक दुरुस्तीही. राज्य सरकार एका प्रकरणात धावलं, दुसऱ्यात नाही, असं @रात्रपाळी यांच्या लिहिण्यावरून वाटतं, ते पूर्ण बरोबर नाही. ७/११ चा खटला राज्याच्या एटीएसचा. मालेगाव २००८ चा २०११ पासून एनआयएकडे, म्हणजे केंद्राकडे. तिथे अपिलाचा निर्णय मुंबईत होत नाही. प्रतिक्रियेतला फरक मात्र खराच. आणि सप्टेंबरमध्ये मालेगावच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले ते मृतांचे नातेवाईक.

आता हे खटले का पडतात, ते बघा. मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, एरवी पोलिसापुढची कबुली कवडीमोल असते. ७/११ मध्ये अशा अकरा कबुल्या होत्या. उच्च न्यायालयाने त्या बाजूला ठेवल्या, कारण त्यांतला मजकूर जागोजागी एकसारखा निघाला आणि छळाचे आरोपही ग्राह्य वाटले. टॅक्सीचालक साक्षीदार स्फोटानंतर शंभर दिवस गप्प होते. वापरलेला बॉम्ब कोणत्या प्रकारचा, हेही सिद्ध करता आलं नाही. मालेगाव २००८ मध्ये ३२३ साक्षीदार तपासले, त्यातले तीसहून जास्त फितूर. स्फोट झाला हे सिद्ध झालं. तो त्या एलएमएल फ्रीडम गाडीतच होता हे झालं नाही, आणि गाडी ठाकूर यांची होती हेही नाही. दोन्हीकडे दुखणं एकच : आधी आरोपी, मग पुरावा.

स्पष्टवक्ता

बाररूमताई, तुमचा प्रतिसाद मान्य. पण म्हणजे भगवं कुभांड होतं हेही मान्य करा ना.

बाररूम

नाही करत. अजमेर दर्ग्याच्या स्फोटात मार्च २०१७ मध्ये जयपूरच्या एनआयए न्यायालयाने तिघांना दोषी धरलं. एक आधीच मेलेला, उरलेल्या दोघांना जन्मठेप. असीमानंद त्यात सुटले. समझौता एक्सप्रेसचे ६८ बळी, तो खटला मार्च २०१९ मध्ये पडला आणि न्यायाधीशांनी निकालातच व्यथा लिहिली की इतकं भ्याड कृत्य शिक्षेविना राहतंय. अशा निकालाला कुभांड सिद्ध झालं असं कसं म्हणणार? आणि ‘सगळं खरं होतं, फक्त सुटले’ असंही कसं म्हणणार? पोलिसांनी न केलेलं काम आपण घोषणा देऊन भरून काढतोय.

आणखी एक. जून २०१५ मध्ये मालेगाव २००८ च्या तेव्हाच्या विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी मुलाखतीत जाहीर सांगितलं की एनआयएच्या अधिकाऱ्याकडून आरोपींबाबत मवाळ राहा असा निरोप आला. दुसऱ्या कुठल्या देशात यावर महिनाभर चर्चा झाली असती. आपल्याकडे आठवडाभर टिकली.

विरार फास्ट

मी ११ जुलै २००६ ला चर्चगेटहून सुटणाऱ्या गाडीत होते. स्फोट झालेल्या सातांपैकी एकीतही नाही, तिच्या मागच्यात. माझ्या ऑफिसातला एक जण पहिल्या वर्गाच्या डब्यात होता. माहीमला संपला.

@मोसमकाठ यांनी लिहिलं ते वाचून हे लिहावंसं वाटलं. २०१५ ला शिक्षा झाली तेव्हा एका चॅनेलवाल्याने ऑफिसातल्या त्या माणसाच्या बायकोला फोन केला, ‘आज समाधान वाटतंय का?’ ती हो म्हणाली. २०२५ ला दुसऱ्या चॅनेलवाल्याचा फोन, ‘आज काय वाटतंय?’ तिने फोन ठेवला. नंतर मला म्हणाली, मला दोन्ही वेळा काही माहीत नव्हतं गं, त्यांनी सांगितलं हेच ते, मी मानलं. एकोणीस वर्षं ती ज्यांना शिव्या देत होती ते तेच होते की नाही, हे तिला आता कोण सांगणार?

‘मुंबई स्पिरिट’ हा शब्द मात्र कुणी वापरू नका प्लीज. दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर गेलो कारण रजा नव्हती.

आजोबा_ऑनलाइन

तरुण मंडळींना १९९३ आठवणार नाही. १२ मार्च, शुक्रवार. स्फोट बारा झाले, बळी २५७. त्या संध्याकाळी शरद पवारांनी दूरदर्शनवर येऊन तेरावा सांगितला, मशीद बंदरला. तो झालाच नव्हता. बाकी सगळे स्फोट हिंदूंच्या वस्तीच्या नि व्यापाराच्या ठिकाणी आहेत हे लोकांच्या लक्षात आलं तर जानेवारीसारखी दंगल पुन्हा पेटेल, म्हणून मुस्लिम वस्तीतलं एक ठिकाण जोडलं. पुढे त्यांनी स्वतःच हे जाहीरपणे सांगितलं, दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगापुढेही.

मी तेव्हा दादरला राहत होतो. खरं सांगतो, ते खोटं मला तेव्हा कळलं असतं तर संतापलो असतो, आणि आज वाटतं की त्या रात्री आमची गल्ली शांत राहिली ती त्या खोट्यामुळे असेलही. राज्यकर्त्याने असं खोटं बोलावं का, या प्रश्नाचं उत्तर मला ऐंशीच्या घरात येऊनही सापडलेलं नाही.

अवांतर : तेव्हा पेपरात ‘दोन गटांत हाणामारी’, ‘विशिष्ट समाजाचे तरुण’ असं लिहीत. हसायचो आम्ही. आता थेट नाव, आडनाव, फोटो, घराचा पत्ता.

आणि तुलना करायचीच तर ही करा. स्फोटांच्या खटल्यात टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाने शंभर जणांना दोषी धरलं, याकूबला २०१५ मध्ये फाशी झाली. त्याआधीच्या दंगलींत नऊशे माणसं मेली. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये विधिमंडळात आला, त्यात माणसांची, पोलिसांची नावं होती. त्यावर काय झालं? युती सरकारने अहवाल एकांगी म्हणून नाकारला, नंतरच्या आघाडी सरकारांनी न नाकारता बासनात ठेवला.

स्पष्टवक्ता

आजोबा, स्फोट आणि दंगल एकाच तराजूत घालणं बरोबर नाही. एक परक्या देशाच्या मदतीने रचलेलं युद्ध, दुसरी रस्त्यावरची सूडाची लाट. पण अहवाल दाबला गेला याबद्दल तुमच्याशी वाद नाही.

टेलिप्रॉम्प्टर

टीव्हीतल्या माणसाने बोलावं म्हणून बोलतो. २६/११ ला आम्ही जे केलं त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या निकालात, ऑगस्ट २०१२ मध्ये, झाडलं. नरिमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो कुठून उतरतायत हे आम्ही लाइव्ह दाखवत होतो आणि पाकिस्तानात बसलेले ते बघून आतल्यांना फोनवर सांगत होते. २०१५ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. आता कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचं अधूनमधून ब्रीफिंग, तेवढंच. नियम चांगला आहे. पण @रात्रपाळी म्हणतात ते दुखणं त्याने वाढलंच. उगम पुन्हा एकच.

राजकीय प्रतिसादाचं म्हणाल तर २००८ साली निदान राजीनामे पडले. ज्यांच्या कपडे बदलण्याची चर्चा झाली ते केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील गेले, आर. आर. पाटील एका वाक्यापायी गेले, विलासराव ताजच्या पाहणीला सिनेदिग्दर्शकाला घेऊन गेले म्हणून गेले. कपडे, वाक्य नि सोबतचा पाहुणा, यांवरून आम्ही माणसं घालवली. गुप्तवार्ता का चुकल्या, त्यावर चर्चा ठेवली तर टीआरपी पडायचा. मी स्वतः आलेख बघितलेत.

चार्वाकाची सावली

‘दहशतवाद’ हा शब्द न वापरण्याबद्दलही बोला. २० ऑगस्ट २०१३, पुण्यात ओंकारेश्वर पुलावर दाभोलकर. फेब्रुवारी २०१५, कोल्हापुरात पानसरे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला कलबुर्गी, सप्टेंबर २०१७ मध्ये बेंगळुरूत गौरी लंकेश. विचारासाठी, भीती बसवण्यासाठी, ठरवून, चार खून. एवढं असून पेपरात ‘अज्ञात हल्लेखोर’, ‘माथेफिरू’, ‘विचारवंतांची हत्या’. २०१८ च्या ऑगस्टमध्ये नालासोपाऱ्यात स्फोटकं सापडली तेव्हा कुठे शब्द थोडा बदलला. मे २०२४ मध्ये दाभोलकर खटल्यात गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, बाकी तिघे सुटले, यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा कुणावरच टिकला नाही. सूत्रधार कोण, हा कॉलम अजून कोराच.

३१ जुलै २०२३ ला जयपूर–मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाने आधी आपल्या वरिष्ठाला, मग डबे हिंडून तीन मुसलमान प्रवाशांना गोळ्या घातल्या. पहिल्या तासाभरात चॅनेलांवर ‘मानसिक तणाव’. तणाव खरा असेलही. पण तणाव हा शब्द कुणाच्या वाट्याला लगेच येतो आणि कुणाच्या वाट्याला ‘मॉड्यूल’, ‘स्लीपर सेल’ येतात?

स्पष्टवक्ता

आणि केरळात २०१० मध्ये प्राध्यापकाचा हात तोडणाऱ्यांना ‘भरकटलेले तरुण’ कोण म्हणालं, तेही सांगा.

चार्वाकाची सावली

जे म्हणाले ते चुकलेच. झालं?

स्पष्टवक्ता

झालं. (लिहून ठेवतो, पुढच्या धाग्यावर लागेल.)

रात्रपाळी

सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो. @बाररूम, दुरुस्ती मान्य, अपिलाचा मुद्दा मी घाईत एकाच मापाने मोजला. @विरार फास्ट, तुम्हाला काय लिहावं कळत नाही.

शब्द कशावरून ठरतो याचं डेस्कवरचं उत्तर मात्र फार साधं आहे. ‘कथित’ हा शब्द जागा कमी पडली की पहिला उडतो. फोटो कोणता लावायचा हे आलेल्या फोटोवरून ठरतं. सप्टेंबर २००८ मध्ये दिल्ली पोलिसांनी आरोपी कॅमेऱ्यापुढे आणले तेव्हा तोंडाला काळ्या बुरख्याऐवजी लाल चौकडीचे अरबी रुमाल होते. आम्ही तो फोटो निवडला कारण रंगीत पानावर उठून दिसत होता. कट वगैरे काही नव्हता. दुष्टाव्यापेक्षा सवयीनेच हे जास्त होतं, आणि सवयीला कुणी जाब विचारत नाही.

आणखी एक कबुली. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा जणांना सोडलं, त्यात फाशीची शिक्षा झालेले होते. तपासावर इतके कडक ताशेरे मी क्वचित वाचलेत. निकालाची तारीख १६ मे २०१४. लोकसभेची मतमोजणी त्याच दिवशी. एजन्सीची कॉपी संध्याकाळी माझ्या स्क्रीनवर आली. बारा पानांचा निवडणूक विशेष होता, मी ती दुसऱ्या दिवशीसाठी राखून ठेवली. दुसऱ्या दिवशी शिळी झाली म्हणून काढली.

मोसमकाठ

म्हणजे लागलीच नाही?

रात्रपाळी

नाही.

मोसमकाठ

बरं. तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो. २००८ च्या निकालात न्यायालयाने मृतांच्या घरच्यांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार द्यायला सांगितलेत. जखमी किती हाही वाद झाला. सरकारी पक्ष म्हणत होता १०१, न्यायालयाने ९५ धरले, काही दाखल्यांत फेरफार होता म्हणून. आता गल्लीत चर्चा चालते ती भगवा की हिरवा याची नाही, त्या वगळलेल्या सहा जखमींत आपण आहोत का याची. तुमच्याकडचा कुणी वार्ताहर मोकळा असेल तर पाठवा. भिक्खू चौकात चहा मी पाजतो.

बिनडोक्याचा घोडा

शंभरी होणार नाही वाटतं. मी जागा सोडतो, ज्यांना लिहायचंय त्यांनी लिहा.